साबणातला चावा

३ फेब्रुवारी

बाबा,

नाही म्हणजे नाही. धाकटीच्या हातून पुन्हा पुन्हा तेच लिहून घेतलंत म्हणून माझं उत्तर बदलणार नाही. तुम्ही सांगायचं आणि मी मान डोलवायची, हे दिवस मी तुमच्या सायकलच्या दुकानात, पंक्चर बघायच्या घमेल्यात बुडवून आलो. आईसाठी कवळी मी पाठवणार नाही.

तुमचा बेत मला कळला. धाकटीचं लग्न मे महिन्यात. व्याही दारात येणार. आईचे दात हलतात, हिरड्यांतून रक्त येतं, ती तोंडावर हात धरून हसते, ते चारचौघांत बरं दिसत नाही. तेव्हा बाजारात बसणाऱ्या त्या दात काढणाऱ्याकडून सगळेच उपटून घ्यायचे, कारण एकदम काढले तर तो निम्म्या भावात काढतो. बाबा, निम्म्या भावात! जुन्या टायरींचा ढीग उचलून न्यायला भंगारवाला सांगावा तसं लिहिलंयत. आणि मग मुलाने पाठवलेली कवळी बसवायची. मुलगा दातांच्या कारखान्यातच आहे, घरचंच काम. वर 'पैसे लागलेच तर तुझ्या पगारातून कापून घ्यायला सांग.' उपकार झाले.

आता माझं ऐका. एक तर मी दात बनवत नाही. मी कारागीर झालो असं धाकटीला लिहिलं होतं, ते तिला बरं वाटावं म्हणून. दात उस्ताद बनवतात. मी प्लास्टरची पोती उचलतो, साचे धुतो आणि तयार कवळी फिरत्या ब्रशवर धरून चकचकीत करतो. संध्याकाळी शिंकलो तर गुलाबी भुकटी बाहेर पडते. दुसरं म्हणजे कवळी ही चप्पल नव्हे, नंबर सांगितला की खोक्यातून काढून दिली अशी. ज्याच्या त्याच्या तोंडाचं माप निराळं. मापाशिवाय उस्तादही हात लावत नाहीत. आणि फुकटचं म्हणाल तर, कामगाराच्या घरचं म्हणून मालकाने सवलतीत भाव सांगितला, चौदाशे पन्नास.

कवळी कशी असते ते आमच्या फाटकावरच्या वॉचमनला विचारा. साहेबांची गाडी दिसली की खिशातून काढून तोंडात घालतो, सलाम ठोकतो. गाडी आत गेली की तोंडातून काढून परत खिशात. जेवतो हिरड्यांनी. मी विचारलं, "काका, दात असून भाकरी अशी भिजवून का खाता?" तर म्हणाला, "अरे, दात साहेबांसाठी आहेत."

आईला व्याह्यांसाठी दात हवेत का, हे तुम्ही आईला विचारलंत? माझी खात्री आहे, नाही विचारलंत. आणि विचारलं असतंत तरी ती 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाली असती.

तुमचा, दुकानात न बसलेला मुलगा


२१ फेब्रुवारी

बाबा,

पार्सल मिळालं.

मी लिहिलं मापाशिवाय काही होत नाही, म्हणजे विषय संपला असं मला वाटलं होतं. तुम्ही माप पाठवलंत! कपडे धुवायची पिवळी वडी गरम पाण्यात मऊ करून आईला तिच्यात चावायला लावलंत, मग सावलीत वाळवलीत, धाकटीच्या जुन्या फ्रॉकमध्ये गुंडाळलीत आणि वरून ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्यात. गाठ बघूनच कळलं कोणाची ते. कात्रीशिवाय सुटली नाही. आणि आत धाकटीच्या अक्षरात तुमची चिठ्ठी: 'माप पाठवत आहे. आता सबब सांगू नये.'

पार्सल मी कारखान्यात सर्वांसमोर उघडलं, ही माझी चूक. लोक पोट धरून हसले. एकजण म्हणाला, "तुझ्या आईने तोंड आलं म्हणून साबण खाल्ला की नवऱ्यावर रागावून?" मीही हसलो. हसलो नसतो तर मारामारी झाली असती.

उस्ताद तेवढे हसले नाहीत. वडी हातात घेऊन उजेडाकडे धरली. "बाप काय करतो तुझा?" म्हणाले. मी म्हटलं, सायकली दुरुस्त करतो. "हात चांगला आहे त्याचा. चावताना वडी जराही हलू दिली नाही." हे तुमचं कौतुक आहे, त्यांच्या तोंडचं. मी फक्त पोचवतोय.

मग त्यांनी त्यात तेल फिरवून प्लास्टर ओतलं आणि घट्ट झाल्यावर साबण सोलून माझ्या हातात दिला तुकडा. बाबा, रोज माझ्या हातून परक्यांची किती तोंडं जातात, कधी काही वाटत नाही. पण हा तुकडा मी लगेच खाली ठेवू शकलो नाही. पुढच्या दातावर ती खाच होती. शिवताना दोरा दातांनी तोडून तोडून पडलेली. कात्री समोर असली तरी ती दोराच दातांत धरते आणि मान अशी झटकते. ती खाच माझ्या अंगठ्याला लागली.

उस्ताद विचारतात, "पुढचे तर सगळे जागेवर आहेत. उपटतायत कशासाठी?"

"हलतात."

"हलतात म्हणून उपटायचे?"

ह्याचं उत्तर मी तुमच्यावर सोडतो. तुम्हाला येतं का बघा. गिऱ्हाईक डुगडुगणारं चाक घेऊन आलं तर तुम्ही चाक फेकून देता का? त्याला स्टुलावर बसवता, चाक फिरवता, कान लावता आणि एकेक तार पिळता. 'चाक चांगलं आहे, दुर्लक्ष झालंय' असं वर त्यालाच ऐकवता. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. आईच्या वेळेलाच तुम्हाला फेकायची घाई कशी होते?

आमच्याकडे एक डॉक्टरीणबाई मापं घेऊन येतात. कडक बाई. मला ओळखतात, कारण माझी दाढ त्यांनी बघितलीय. ते तुम्हाला लिहिलं नव्हतं. थंडीत दाढ ठणकायला लागली. खोलीतल्या एकाने सांगितलं, दुखण्याची गोळी गिळायची नाही, दाढेशेजारी हिरडीवर दाबून झोपायचं, म्हणजे थेट लागू पडते. मी शहाणा, तसं केलं. सकाळी हिरडी पांढरी फटक, आणि उकडलेल्या बटाट्यासारखं तिचं साल निघालं. बाई म्हणाल्या, "गोळी पोटात जाण्यासाठी असते. हिरडीला ती जाळते." नंतर दाढ आपोआप दुखायची थांबली. मी खूश. तर त्या म्हणतात, "दुखायचं थांबलं म्हणजे बरी झाली असं नाही. आतली नस मेली. आग विझली नाही, घर जळून संपलं." आता ती आतून साफ करून भरायला हवी, नाहीतर पुढे पू धरेल. त्यासाठी थोडे पैसे बाजूला टाकतोय. ते असो.

त्यांना आईचा तुकडा दाखवला. "साबण बघून मी औषध सांगत नाही," म्हणाल्या. मग विचारलं, "रक्त येतं म्हणून ब्रश बंद केलाय का त्यांनी?" मी म्हटलं, वडिलांनीच बंद करायला लावला, आता बोटाने मीठ आणि कोळशाची पूड चोळते, जोर लावून. बाईंनी कपाळाला हात लावला. रक्त ब्रशमुळे येत नाही म्हणाल्या. हिरडीच्या कडेला घाण साचून दगडासारखी होते, हिरडी सुजते आणि सोडून देते, म्हणून येतं. आणि रक्त येतं म्हणून तिथे हात लावायचा सोडला की घाण वाढते, की आणखी रक्त. मऊ ब्रश, हलका हात, दोन वेळा. कोळशाने दात झिजतात, घाण तिथल्या तिथेच. आणि आधी दवाखान्यात जाऊन तो दगड काढून घ्यायचा. "एखादा दात जाईलही कदाचित. पण सगळे कशाला?"

चौकातल्या दवाखान्यात न्या तिला. बाजारातल्या त्या माणसाकडे नाही.


१० मार्च

बाबा,

तीन पानं! अक्षर धाकटीचं, पण वाचताना कानात तुम्हीच ओरडत होता. 'चार दिवस कारखान्यात झाडू मारलास आणि बापाला दात शिकवतोस?' झाडू मी मारत नाही. पोती उचलतो, असं स्पष्ट लिहिलं होतं.

तुमचं म्हणणं, दवाखान्यात दात साफ केले की ते सैल होतात, शेजारच्या शिंप्याचे झाले. तुमचं म्हणणं, वय झालं की दात जाणारच, तुमच्या आईचे गेले, तिच्या आईचे गेले. तुमचं म्हणणं, प्रत्येक बाळंतपण बाईचा एक दात घेतं, आईची दोन मुलं, दोन दाढा गेल्या, हिशोब बरोबर. म्हणजे एक दाढ मी खाल्ली. बरं झालं सांगितलंत, माझ्या नावावर तेवढंच खायचं राहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. पोर आईच्या दातांतून काही काढून नेत नाही म्हणाल्या. पोटात पोर असताना हिरड्या लवकर सुजतात, आणि घरात सगळे पोराकडे बघतात, बाईच्या तोंडाकडे कोणी बघत नाही, म्हणून दात जातात. तेव्हा ती दाढ मी एकट्याने खाल्लेली नाही, बाबा. आपण वाटून खाल्ली.

हे तुम्हाला पटणार नाही, माहीत आहे. दात उपटायची वीस तारीख ठरवलीत, त्या माणसाला आगाऊ पैसेही दिलेत असं धाकटीने शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय. ते वाचून तिला रागावू नका.

म्हणून आता एकच गोष्ट सांगतो आणि गप्प बसतो. वरच्या दातांची मुळं डोळ्यांच्या शिरांना जोडलेली असतात. वरचा एक जरी दात काढलात तरी आईची नजर जाईल. आजी म्हणायची ते खरंच आहे. मी डॉक्टरीणबाईंना विचारून लिहितोय. मग शिवण कोण करणार? सुई तुम्ही ओवणार का, त्या ग्रीसच्या बोटांनी? धाकटीच्या लग्नात आईला हाताला धरून फिरवा आणि व्याह्यांना सांगा, दात नवे आहेत, डोळे तेवढे गेले.

करा काय करायचं ते.


२ एप्रिल

बाबा,

हे पत्र आमच्या ट्रकवाल्याच्या हाती देतोय. तो तुमच्या रस्त्याने जातो, उद्या दुपारपर्यंत दुकानात आणून देईल. आधी हे पत्र पुरतं वाचा, मग त्याच्यावर ओरडा.

आज सकाळी आपल्या घराच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन केला. तुम्हाला बोलवायला सांगितलं, तुम्ही आला नाहीत. धाकटी आली, मागून आईही. म्हणाली, आईचा उजवा गाल सुजून डोळ्याखालपर्यंत आलाय, ताप आहे, वरची दाढ आहे. मी म्हटलं, आईला दे फोन. तिने दिला. नुसता श्वास ऐकू आला. आईला तोंड उघडता येईना, बाबा. जी बाई मला फोनवर 'जेवलास का' विचारल्याशिवाय श्वास घेत नाही, तिचा नुसता श्वास.

मी धाकटीवर ओरडलो, "दवाखान्यात का नाही नेलं?"

ती म्हणाली, "नेलं होतं. बाबांनीच नेलं. डॉक्टर म्हणाले ही दाढ काढावी लागेल. बाबांनी तिला खुर्चीवरून उठवून परत आणलं. वरची आहे, नजर जाईल म्हणाले. तूच लिहिलंस ना, दादा? तुझं पत्र खिशात घेऊन फिरतात. बाजारातल्या माणसालाही दाखवलं, दिलेले पैसे परत घेतले त्याच्याकडून. दुकानात येईल त्याला वाचून दाखवतात, माझा मुलगा डॉक्टरला विचारून लिहितो म्हणतात."

तिला तिथेच खरं सांगितलं, तर म्हणाली, बाबा माझ्या तोंडचं मानणार नाहीत, लिहून पाठव. ते पत्र फाडून टाका. ते खोटं आहे.

वरच्या दातांचा नजरेशी काही संबंध नाही. डॉक्टरीणबाईंना मी खरंच विचारलं होतं, मनात होतं की हे तरी खरं निघावं, म्हणजे तुम्हाला अडवता येईल. त्या हसल्या. "दातांच्या नसा निराळ्या, डोळ्यांच्या निराळ्या. वय झालं की दातही जातात आणि नजरही उतरते, लोक दोन्ही एकाच दोरीला बांधतात," म्हणाल्या. मी हे सगळं ऐकलं आणि घरी येऊन तुम्हाला उलटं लिहिलं. वर त्यांचं नाव घातलं.

वाईट एवढंच वाटतं की माझं आयुष्यात एकच बोलणं तुम्हाला पटलं आणि ते नेमकं खोटं होतं. पण माझ्याकडून माफीची वाट बघू नका. वीस तारखेला त्या माणसाच्या पुढ्यात आई बसली असती, आज तिच्या तोंडात एकही दात नसता. खरं दोनदा लिहिलं, त्याने तुम्ही हलला नाहीत. खोट्याने हललात. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा तसंच लिहीन.

पण आज खरं लिहितोय. ती एक दाढ हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी काढायला हवी. नुसती ती. पू वर चढतोय, थांबवायला उशीर झाला तर नजरेचं सोडा, जिवावर बेतेल. शेक देऊ नका. बाहेरून काही चोळू नका. दवाखान्यात न्या, ते सांगतील ते औषध द्या आणि दाढ काढू द्या.

विश्वास नसेल तर खाली डॉक्टरीणबाईंचं अक्षर बघा. त्यांच्या समोर जाऊन सांगितलं मी काय केलं ते. कारखान्यात सर्वांसमोर झाडलं मला. मग पेन मागितलं. त्यांनी लिहिलंय, वरचा दात काढल्याने दृष्टी जात नाही, आणि खाली सही आहे.

तरीही विश्वास नसेल तर तुमच्या पद्धतीने बघा. काम करायच्या आधी आणि केल्यावर चाक फिरवून बघता ना? दाढ काढायच्या आधी आईला सुई ओवायला लावा. काढल्यावर परत लावा. पण न्या तिला. हा ट्रकवाला दारात उभा असेल तेव्हाच निघा. माझ्यावरचा राग नंतर काढायला आयुष्य पडलंय.


२४ एप्रिल

बाबा,

धाकटीचं पत्र आलं. पाच वेळा वाचलं. खोलीतल्यांनाही वाचून दाखवलं, त्यांना आता आपल्या घरातलं सगळं माहीत आहे.

तुम्ही दुकान उघडं टाकलंत म्हणे. गिऱ्हाइकाचीच सायकल घेतलीत, आईला मागे कॅरिअरवर बसवलंत आणि भर उन्हात दवाखान्यापर्यंत पायी ढकलत नेलंत, कारण बसून चालवली तर तिला धक्के बसतील. आणि दवाखान्यात सुई! डॉक्टर हातात इंजेक्शन धरून उभा आणि तुम्ही त्याला म्हणता, "जरा थांबा." खिशातून सुई आणि दोरा काढून आईला ओवायला लावलंत. दाढ निघाली, तोंडात कापूस, गाल सुजलेला, तर परत तेच. डॉक्टर म्हणाला, "काका, डोळ्यांचा दवाखाना वरच्या मजल्यावर आहे." तुम्ही म्हणालात, "तुमचं काम झालं ना? आता माझं बघू द्या."

पत्राच्या तळाला एक ओळ धाकटीच्या अक्षरात नाही. मोठी, वाकडी, कागद फाटेल एवढी दाबून लिहिलेली. 'सुई ओवली. पहिल्या फटक्यात.' घर सोडल्यापासून तुमच्या हातचं मला आलेलं एवढंच. ते पान वेगळं ठेवलंय. आईचा प्लास्टरचा तुकडा माझ्या खाटेच्या वरच्या फळीवर आहे, त्याच्याखाली.

पण भांडण संपलं असं समजू नका.

पहिली सफाई झाली आणि तुम्ही पुढच्या दोन बंद केल्यात. का, तर आईच्या दातांत फटी पडल्या, थंड पाणी लागायला लागलं, 'डॉक्टरने दात खरवडून बारीक केले.' बाबा, चेनच्या चक्रावरचं काळं किटण काढल्यावर दाते दिसतात, ते काय किटण काढणाऱ्याने पाडलेले असतात? त्या फटी आधीपासून होत्या. दगड भरला होता तिथे, म्हणून दिसत नव्हत्या, आणि दगडामुळेच हिरड्या खाली गेल्या. थंड थोडे दिवस लागेल. जास्त लागलं तर डॉक्टरला सांगायचं, सफाई सोडायची नाही. अर्धं चाक सरळ करून गिऱ्हाइकाला देता का तुम्ही?

ब्रश मऊ आणा. मागच्या वेळेला आणलात तो चेन घासायच्या लायकीचा आहे असं धाकटी म्हणते, त्याने चेनच घासा. जोरात घासलं म्हणजे जास्त साफ होत नाही, हिरडी सोलते, हे मी आता हवं तर लिहून सही घेऊन पाठवतो. आणि एकदा तुम्हीही त्या खुर्चीत बसा. 'माझे कधी दुखले नाहीत' हे मला सांगू नका. न दुखणाऱ्या दातांचं काय असतं ते मी शिकलोय.

धाकटीने माझ्या दाढेचं विचारलंय. तिला सांगा, आता अजिबात दुखत नाही. बरी आहे.

लग्नाला तुम्ही बोलावलं नाहीत. परत या घराची पायरी चढू नकोस म्हणाला होतात, तेही मी विसरलेलो नाही. तरी येतोय. मालकाने चार दिवस दिलेत. तुम्हाला बोलायचं नसेल तर बोलू नका, मी मागच्या दाराने येईन आणि चुलीपाशी बसेन. पण आई व्याह्यांसमोर तोंडावर हात धरून हसली तर तो हात मी सर्वांदेखत खाली ओढणार आहे. दोन दाढा कमी, एक आताची कमी, फटी आहेत, पुढच्या दाताला खाच आहे. बघू देत त्यांना. आमच्या आईचे आहेत, उसने नाहीत.

सोबत मनिऑर्डर. आईच्या हातात द्यायची, तुमच्या नाही, तसं पोस्टमनलाही सांगायला लिहिलंय. ह्यातून उरलेल्या दोन सफाया होतील आणि तिसरी तुमची. मालकाने सवलतीत सांगितलेला कवळीचा भाव तुम्हाला आठवत असेल. ना पैसा कमी, ना पैसा जास्त.

चौदाशे पन्नास.